एनबीसीचा २००६ चा नवा हंगाम: आज बघायला बसायचं तर यातली कोणती मालिका?

जुनी अमेरिकन मालिका लावायची म्हटलं की खरा प्रश्न वेळेचा असतो. पन्नास तासांचा ऐवज असतो तो, आणि पंधराव्या भागाला कंटाळा आला तर सोडवतही नाही. म्हणून एकाच चॅनेलने एकाच हंगामात आणलेल्या नव्या मालिका शेजारी शेजारी ठेवून बघू. चॅनेल एनबीसी, हंगाम २००६ चा शरद. हाच हंगाम घेतला, कारण त्यातली जी सगळ्यांना हुकमी वाटत होती ती वर्षभरात गुंडाळली गेली, जिने धुमाकूळ घातला ती दुसऱ्या वर्षी ढेपाळली, आणि ज्या दोन कशाबशा तग धरून होत्या त्याच आज बघण्याजोग्या उरल्या आहेत.

अमेरिकेतल्या मोठ्या चॅनेलांची पद्धत आपल्याकडच्या रोजच्या मालिकांपेक्षा वेगळी. टीआरपी आहे तोवर सासू-सुनेला ओढत न्यायचं, असं तिथे नसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात नव्या मालिका येतात, आठवड्याला एक भाग, चालली तर मेपर्यंत साधारण २२ भाग. नाही चालली तर चौथ्या भागानंतरही गाशा गुंडाळला जातो. त्याआधीच्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये जाहिरातदारांपुढे सगळं वेळापत्रक मांडतात आणि जाहिरातींची बरीचशी वेळ तिथेच विकली जाते. म्हणजे पहिला भाग, तो पायलट, मुळात विकण्यासाठीच बनवलेला असतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात सगळे जेवढे गोड वागतात तेवढाच तो गोड असतो. संसार कसा होईल ते दहाव्या भागाच्या आसपास कळतं. खालची सगळी तुलना याच कसोटीवर आहे.

२००६ मध्ये एनबीसीची अवस्था बिकट होती. ‘फ्रेंड्स’ संपून दोन वर्षं झालेली, प्रेक्षकसंख्येत चार मोठ्या चॅनेलांमध्ये नंबर चौथा. त्या वर्षी त्यांनी रविवार रात्रीचं व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल मिळवलं आणि मालिकांमध्येही बरीच हिंमत केली. इतकी, की एकाच विषयावरच्या दोन मालिका एकाच हंगामात लावल्या.

तो विषय म्हणजे टीव्हीवरच्या लाइव्ह स्किट कार्यक्रमाच्या पडद्यामागचं जग. १८ सप्टेंबरला ‘स्टुडिओ ६० ऑन द सनसेट स्ट्रिप’ सुरू झाली, तासाभराची. ११ ऑक्टोबरला ‘थर्टी रॉक’, अर्ध्या तासाची. पहिलीचा लेखक आरन सॉर्किन, व्हाइट हाउसमधल्या राजकारणावरच्या ‘द वेस्ट विंग’ मालिकेवाला. सोबत ‘फ्रेंड्स’मधला मॅथ्यू पेरी आणि ‘वेस्ट विंग’मधलाच ब्रॅडली व्हिटफर्ड. दुसरीची लेखिका आणि नायिका टिना फे, जी कित्येक वर्षं ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या एनबीसीच्याच लाइव्ह स्किट कार्यक्रमाची मुख्य लेखिका होती. तेव्हा कुणालाही विचारलं असतं तर पैज पहिलीवरच लागली असती.

आणि पायलट पाहिला तर आजही तसंच वाटेल. ‘स्टुडिओ ६०’च्या सुरुवातीला एक बुजुर्ग निर्माता लाइव्ह कार्यक्रम चालू असताना कॅमेऱ्यापुढे येतो आणि आपल्याच चॅनेलची सालटी काढायला लागतो. कंट्रोल रूममध्ये चॅनेलचा माणूस ओरडतोय, प्रक्षेपण तोडा. दिग्दर्शक बटणावर हात ठेवून बसलाय आणि तोडत नाही. जड हर्श या नटाने तो म्हातारा असा काही केलाय की आपणही खुर्चीच्या कडेवर येतो. टीव्हीवर टीव्हीबद्दल इतकं चांगलं क्वचितच लिहिलं गेलंय.

मग येतो दुसरा भाग. नवे लेखक-निर्माते आले आहेत, भिंतीवर उलटं मोजणारं घड्याळ आहे, आणि सगळ्या भागाचा ताण एकाच गोष्टीवर: शुक्रवारचं पहिलं स्किट काय करायचं? शेवटी जे सादर होतं ते एकोणिसाव्या शतकातल्या गिल्बर्ट-सलिव्हन या संगीतिका लिहिणाऱ्या इंग्लिश जोडीच्या एका गाण्याच्या चालीवरचं विडंबन. मालिकेतला प्रेक्षक टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतो. आपण सोफ्यावर बसून विचार करतो, यात हसायचं नेमकं कुठे? हे पुढेही होतच राहतं. मालिकेतली माणसं एकमेकांना प्रतिभावान म्हणत राहतात, आणि ती प्रतिभा आपल्याला दिसायची वेळ आली की काहीतरी बेतास बात समोर येतं. नाटकात गायकाची भूमिका करणाऱ्याला किमान सुरात तरी गावं लागतं की नाही? शिवाय सॉर्किनला वाटतं, विनोदी कार्यक्रमावर देशाची नैतिक प्रकृती अवलंबून आहे. व्हाइट हाउसमध्ये ते गांभीर्य शोभत होतं, इथे ते जड होतं. २२ भागांनंतर जून २००७ मध्ये मालिका संपली.

‘थर्टी रॉक’ची सुरुवात बघा. न्यूयॉर्कचा फुटपाथ, हॉटडॉगची गाडी, रांग. एक माणूस मध्येच घुसतो. लिझ लेमन, म्हणजे टिना फे, भांडत बसत नाही, ती गाडीवरचे सगळे हॉटडॉग विकत घेते, म्हणजे घुसखोराला एकही मिळू नये. मग ते वाटत वाटत ऑफिसला जाते. बाई तत्त्वाची आहे, तिरसट आहे आणि स्वतःचं नुकसान करून घेण्यात पटाईत आहे, हे दोन मिनिटांत कळतं. तिथे तिला भेटतो नवा साहेब, जॅक डोनागी, म्हणजे ॲलेक बाल्डविन. याचा हुद्दा काय, तर पूर्व किनाऱ्यावरचं टेलिव्हिजन आणि मायक्रोवेव्ह ओव्हन प्रोग्रामिंग यांचा उपाध्यक्ष. तेव्हा एनबीसी खरोखरच मायक्रोवेव्हसारखी उपकरणं बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकच्या मालकीची होती, त्यामुळे हा विनोद मालकाच्या तोंडावर केलेला होता. पुढे कॉमकास्ट या केबल कंपनीने चॅनेल घेतलं तेव्हा मालिकेतही ‘केबलटाउन’ नावाची कंपनी चॅनेल विकत घेते. हात बांधून न घेता काम करणं म्हणतात ते हे.

मात्र इथे सावध करायला हवं. ‘थर्टी रॉक’चे पहिले सहा भाग डळमळीत आहेत. पात्रं अजून अंगात मुरलेली नाहीत, वेग सापडलेला नाही. तिसऱ्या भागाला सोडून देणारी मंडळी माझ्या माहितीत आहेत आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. सातवा भाग, ‘ट्रेसी डझ कोनन’, तिथे गाडी रुळावर येते आणि मग थांबत नाही. सात हंगाम चालली, २००७ ते २००९ सलग तीन वर्षं सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेची एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाली, प्रेक्षकसंख्या मात्र कधीच फारशी नव्हती. आपल्याला अडचण येते ती संदर्भांची. अमेरिकन राजकारण, जाहिराती, पडेल नट-नट्या यांच्यावर एका मिनिटात पाच-सहा टोमणे येऊन जातात, त्यातले बरेच डोक्यावरून जातील. सबटायटल्स लावा आणि सुटलेल्याची खंत करू नका. आणखी एक: गोऱ्या नटांनी काळा रंग फासल्याची दृश्यं असलेले चार भाग २०२० मध्ये टिना फेच्याच विनंतीवरून स्ट्रीमिंगवरून काढले, तेव्हा भागांचे क्रमांक मध्येच उडी मारताना दिसले तर गोंधळू नका.

या जोडीत निवड करायची तर मला विचार करावा लागत नाही. ‘स्टुडिओ ६०’चा पायलट एखाद्या लघुपटासारखा बघून घ्या, मग ‘थर्टी रॉक’ लावा. पाचव्या हंगामात सॉर्किन स्वतःच पाहुणा म्हणून येतो, लिझबरोबर कॉरिडॉरमधून आपल्या खास शैलीत चालत चालत बोलतो आणि तिने ‘स्टुडिओ ६०’चं नाव काढताच तिला गप्प करतो. दोन्ही पाहिलेल्यालाच त्याची खरी गंमत.

दुसरी जोडी ‘हीरोज’ आणि ‘फ्रायडे नाइट लाइट्स’. विषय एक नाही, पण दोघींचं नशीब बरोबर उलटं निघालं.

‘हीरोज’चा पहिला भाग, २५ सप्टेंबर, सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. साध्या माणसांना अचानक शक्ती मिळतात. टोकियोच्या ऑफिसातला हिरो नाकामुरा घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे डोळे वटारून बघतो आणि तो काटा एक घर मागे नेतो. एवढंच. पण मासी ओकाच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून आपणही टाळ्या वाजवतो. आपल्यासाठी खास ओढ म्हणजे मोहिंदर सुरेश, मद्रासचा जनुकशास्त्रज्ञ, वडिलांच्या मृत्यूचा छडा लावायला न्यूयॉर्कला टॅक्सी चालवणारा. भूमिका करणारा सेंधिल राममूर्ती अमेरिकेत वाढलेला, त्यामुळे त्याचा ‘भारतीय’ उच्चार घासातल्या खड्यासारखा कानाला लागतो. पण मोठ्या चॅनेलच्या नायकांमध्ये एक भारतीय, आणि तो विनोदाला ठेवलेला नाही, हे तेव्हा अप्रूपच होतं. पहिल्या हंगामाचे २३ भाग बांधीव आहेत, सतरावा ‘कंपनी मॅन’ तर उत्तमच. दुसऱ्यात कथा इतकी रेंगाळली की कर्ता टिम क्रिंगने हंगाम चालू असतानाच जाहीरपणे चुका मान्य केल्या. त्यातच नोव्हेंबर २००७ मध्ये लेखकांचा संप झाला आणि हंगाम ११ भागांवर आटोपला. नंतर कुणाच्या बाजूने कोण आहे हे लक्षात ठेवणं ही प्रेक्षकाला शिक्षाच होती. तेव्हा पहिला हंगाम बघा आणि तिथेच उठा. हौसेने पुढे जाऊ नका.

‘फ्रायडे नाइट लाइट्स’ ३ ऑक्टोबरला आली तेव्हा सुमारे ७० लाखच प्रेक्षक होते. टेक्सासमधलं डिलन नावाचं काल्पनिक गाव, शाळेचा फुटबॉल संघ, शुक्रवार रात्रीचे सामने. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे तो हेल्मेटवाला, त्याचे नियम कळत नाहीत म्हणून ही मालिका टाळणारे बरेच. नियम कळायची गरजच नाही. कोच टेलरला गावातला प्रत्येक माणूस, दुकानदारापासून महापौरबाईपर्यंत, संघ कसा खेळवायचा ते शिकवतो, आणि हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पायलटमध्येच स्टार खेळाडू जेसन स्ट्रीट मैदानात जायबंदी होतो, पुन्हा चालणार नाही असा. त्याच्या जागी उभा राहतो मॅट सॅरासन, बुजरा, बाप इराकच्या युद्धात, घरी विस्मरण होत चाललेली आजी. रात्री सामना, सकाळी आजीची औषधं. त्यात कुठेही व्हायोलिन वाजवून रडवलेलं नाही. चित्रीकरण टेक्सासमध्येच, खऱ्या घरांत, एकाच वेळी तीन कॅमेरे लावून. कुठे उभं राहायचं याच्या खुणा नाहीत, तालीम नाही, नटांना वाक्यं बदलायची मुभा. त्यामुळे कोच आणि त्याची बायको टॅमी स्वयंपाकघरात एकमेकांचं बोलणं तोडत भांडतात ते दार उघडं राहिलेल्या शेजारच्या घरातून ऐकू आल्यासारखं. नवरा-बायकोचं इतकं खरं नातं मी दुसऱ्या मालिकेत पाहिलेलं नाही.

दुसऱ्या हंगामात मात्र एक खुनाचं उपकथानक घुसवलंय, ते मालिकेच्या स्वभावातच बसत नाही. मन घट्ट करून पार करा. हा हंगामही संपामुळे १५ भागांतच थांबला. नंतर मालिका बंदच व्हायची, पण डायरेक्टीव्ही या उपग्रह सेवेने खर्चाचा वाटा उचलला: आधी त्यांच्याकडे, काही महिन्यांनी एनबीसीवर. अशी ती २०११ पर्यंत, ७६ भाग टिकली. चौथ्या हंगामात गावाच्या गरीब बाजूची शाळा येते आणि तरुण मायकेल बी. जॉर्डन. शेवटच्या वर्षी काइल चँडलरला कोचसाठी एमी मिळाली.

तासांचा हिशेब: ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ साधारण ५४ तास, ‘थर्टी रॉक’ ५० च्या आत, ‘हीरोज’चा पहिला हंगाम साडेसोळा. जेवताना एकेक भाग बघणार असाल तर ‘थर्टी रॉक’, वीस-बावीस मिनिटांत ताट आणि भाग दोन्ही संपतात. शाळकरी मुलं बरोबर असतील तर ‘हीरोज’ नको. त्यातला खलनायक सायलर कवट्या उघडतो आणि ते बऱ्यापैकी दाखवलंय. दहावी-बारावीची मुलं असतील तर ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ त्यांच्याबरोबर बघावी, दारू आणि प्रेमप्रकरणं आहेत तरीही. एकच निवडायची म्हटलं तर माझं मत तिलाच.

त्या हंगामातल्या उरलेल्या दोन नव्या मालिकांपैकी ‘ट्वेंटी गुड इयर्स’ चार भागांत पडद्यावरून गेली, जॉन लिथगोसारखा नट असूनही. शोधत बसू नका. ‘किडनॅप्ड’ मात्र नजरेखालून घालायला हरकत नाही: न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरातल्या मुलाचं अपहरण, बरोबर १३ भाग. चॅनेलने तिलाही लवकरच बाजूला सारलं, पण गोष्ट पूर्ण झालेली आहे, आणि पावसाळी शनिवार-रविवारला तेवढी पुरते.