मुरमावरची पकड: रिचर्ड बर्न्स रॅली की डर्ट रॅली २.०?

नाशिकच्या आसपास मुरमाच्या रस्त्यावर रॅली पाहिलेल्यांना ठाऊक असतं, गाडी नुसतं स्टिअरिंग फिरवून वळत नाही. आधी वजन पुढे आणावं लागतं. दोन रॅली व्हिडिओ गेम्सपैकी २००४ चा 'रिचर्ड बर्न्स रॅली' हे आजही जास्त खरं दाखवतो, मात्र त्यावर एनजीपी हे मोफत फिजिक्स प्लगइन, म्हणजे गाडीचं वागणं खऱ्यासारखं करणारं जोड-सॉफ्टवेअर, हवंच. वळणाआधी ॲक्सिलरेटर सोडून हलका ब्रेक लावला की पुढच्या टायरवर भार येतो, मागचे हलके होतात आणि गाडी नाक आत घालते. ब्रेक जोरात दाबून ठेवला तर पुढची चाकं लॉक होतात आणि गाडी सरळ शेतात. डांबरावर पकड सुटू लागली की स्टिअरिंग हातात हलकं होत जातं, म्हणून सावरता येतं.

२०१९ चा 'डर्ट रॅली २.०' मातीवर सुंदर आहे. आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या इथे चाकांना खरोखर ओढतात. डांबरावर मात्र पकड सुटल्याची खबर हाताला उशिरा लागते, आणि घाटातल्या उतारावर तेच महागात पडतं.

दोन्हीकडे गेमच्या स्टिअरिंग व्हीलचं एकूण फिरणं ५४० अंशांवर ठेवून सुरुवात करा. फोर्स फीडबॅक, म्हणजे व्हीलमधली मोटर हाताला देते तो जोर, फार वाढवला तर मोटर सतत कमाल जोरावर अडकते आणि बारीक बदल कळेनासे होतात. ते जाणवेपर्यंत कमी करत या.

गेमपॅडवर खेळणार असाल तर डर्टच घ्या. स्टिअरिंग असेल आणि प्लगइन बसवायची तयारी असेल तर बर्न्स.