डिस्चार्ज बुकातलं नाव दुरुस्त करून देणारा ‘साहेब’

पुण्यातल्या कॅम्प, वानवडी, खडकी, दिघी, विश्रांतवाडी या भागांत राहणाऱ्या माजी सैनिकांनी आणि सैनिकांच्या विधवा भगिनींनी हे वाचावं. डिस्चार्ज बुकातल्या, म्हणजे फौजेतून निघताना मिळणाऱ्या नोकरीच्या नोंदवहीतल्या, चुका दुरुस्त करून देतो असं सांगून एका माणसाने माझे ३१,००० रुपये नेले. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार पोलिसांत आहे. आणि नाव काय, तो उद्या दुसरं घेईल. त्याची रीत मात्र सांगतो.

मी १९७९ साली भरती झालो आणि १९९६ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. नोकरीत असताना लग्न झालं. गावाकडून जे कागद गेले त्यावर मंडळींचं माहेरचं नाव होतं, तेच किन्ड्रेड रोलला (घरच्यांच्या नोंदीला) चढलं, तेच डिस्चार्ज बुकात आलं, तेच पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर. लग्नात आमच्याकडे नाव बदलतात. त्यामुळे रेशन कार्ड, मतदार यादी, बँक, आधार, सगळीकडे सासरचं नाव. पेन्शन बँकेतून यायची तोवर कुणी काही विचारलं नाही. मग सगळं ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर गेलं आणि दोन नावं पडद्यावर शेजारी शेजारी दिसायला लागली. शिवाय तिच्या जन्मतारखेच्या जागी नुसतं साल. मी आहे तोवर काही अडत नाही. माझ्यामागे ती कुटुंब पेन्शन मागायला जाईल तेव्हा आधारवरची बाई आणि पीपीओवरची बाई एकच, हे तिने एकटीने कुणाकुणाला पटवायचं? या काळजीवरच त्या माणसाचा धंदा चालतो.

तो भेटला कॅन्टीनच्या बाहेर. ब्लेझर, टाय, छातीला छोटी मेडल्स, आणि तोंडात ‘जय हिंद साहेब’. मी हवालदार, पण त्याच्या लेखी सगळेच साहेब. कुठलं सेंटर, कुठला ट्रेड, विचारलं तर उत्तर तयार. शीट रोल (नोकरीच्या नोंदींचा कागद), पार्ट टू ऑर्डर (नोंदीतला बदल जाहीर करणारा आदेश), कॉरिजेंडम (दुरुस्तीपत्र) हे शब्द असे वापरायचा की हेड क्लार्क वाटावा. पुढे कळलं की तो फौजेत कधी नव्हताच, सिक्युरिटी एजन्सीत आमच्याच लोकांबरोबर ड्युटी करून हे सगळं शिकला.

त्याने पहिला घाव घातला तो असा: “९६ चे ना तुम्ही? पंचवीस वर्षं २०२१ लाच झाली. तुमचं रेकॉर्ड नष्ट झालंय. आता नव्याने उभं करावं लागेल.” यातली लबाडी नीट समजून घ्या, कारण ती अर्ध्या सत्यावर उभी आहे. पंचवीस वर्षांनी कागद नष्ट करण्याचा नियम लष्करात खरंच आहे, पण तो पेन्शन नसलेल्यांच्या कागदांसाठी. पेन्शनरला तो लागू नाही. तो नियमाचा आधार दाखवतो, मोबाइलवर इंग्रजी पानही दाखवतो, फक्त ‘पेन्शन नसलेले’ हे शब्द वाचत नाही.

मग पैसे. अर्ज आणि प्रतिज्ञापत्राचे ६,५०० आधी. नंतर ‘रेकॉर्डला आपला माणूस आहे, फाइल आतून लावायची’ म्हणून २४,५००. पावती मागितली तर म्हणाला, “साहेब, अशा कामाची पावती असते का?” मूळ डिस्चार्ज बुक पडताळणीसाठी म्हणून ठेवून घेतलं. माझ्या गुडघ्याच्या जुन्या दुखापतीचा विषय काढून अपंगत्व पेन्शनचीही थकबाकी मिळवून देतो म्हणाला. त्यासाठी स्टॅम्प पेपरवर करार, मिळेल त्या रकमेचे पंचवीस टक्के त्याचे, आणि वर सही केलेले दोन कोरे चेक. तो करार कागदाच्या लायकीचाही नाही. पुढे मिळणाऱ्या पेन्शनचा हक्क आधीच दुसऱ्याला लिहून देणं १८७१ च्या पेन्शन कायद्याच्या कलम १२ नुसार रद्दबातल ठरतं. चेकचं मात्र तसं नाही. चेक न वटल्याची केस करतो म्हणून धमकावता येतं, आणि त्याने तेच केलं.

काही आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली. अशोकस्तंभ, गोल शिक्का, सही, वर ठळक अक्षरांत कॉरिजेंडम पीपीओ. मंडळींचं नाव अगदी बरोबर. ती खूश झाली, देवापुढे साखर ठेवली. मी मात्र माझा नंबर बघत होतो. आर्मी नंबराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, ते चुकलं होतं. फौजी बायकोचा वाढदिवस विसरेल, नंबर विसरायचा नाही. दुसरं, पत्र नवीन तारखेचं आणि पेन्शन कार्यालयाच्या पत्त्यात शहराचं नाव अजून अलाहाबाद. २०१८ पासून ते प्रयागराज आहे.

त्याला फोन केला तर म्हणाला, टायपिंगची चूक आहे, करून देतो, एक ओटीपी येईल तेवढा सांगा. तो ओटीपी दिला नाही. पण आधी ‘अर्ज चढवताना’ त्याच्यासमोर बसून एक देऊन झाला होता, आणि त्यावर त्याने स्पर्शच्या खात्यातला माझा मोबाइल नंबर काढून स्वतःचा घातला होता. हे उघडकीला आलं ते मी घरी लॉगिन करायला बसलो तेव्हा. ओटीपी पाठवला असं पडद्यावर दिसतंय आणि माझा फोन गप्प. विचार करा, पुढची पायरी बँक खातं बदलण्याची होती. ३१,००० गेले ते गेले, पण महिन्याची पेन्शन दुसरीकडे वळली असती तर औषधांचेही वांधे.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ते पत्र दाखवलं. तिथल्या बाईंनी एकदाच बघितलं आणि विचारलं, “काका, मूळ बुक कुठंय?” त्यांना पत्राचं काही वाटलं नाही, चिंता बुकाची वाटली. तेव्हा कळलं की अशी पत्रं त्यांनी आधी पाहिलेली आहेत.

बुक परत मागितल्यावर साहेबांचा सूर बदलला. राहिलेले पंधरा हजार द्या, नाहीतर चेक बँकेत टाकतो. त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज देऊन दोन्ही चेकचं पेमेंट थांबवलं, स्पर्शवर मोबाइल नंबर परत माझा करून घेतला आणि पोलीस ठाण्यात गेलो. जुन्या लोकांच्या तोंडी अजून चारशेवीस असलं तरी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. ठाण्यातून त्याला फोन गेला आणि डिस्चार्ज बुक एका पानटपरीवर ठेवलेलं मिळालं. पैसे मिळालेले नाहीत.

आता खरं काम कसं होतं ते. अर्ज आपल्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. ज्याचं त्याचं वेगळं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज तपासून, पत्र जोडून तिकडे पाठवतं आणि या कामाची फी नाही. सोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या प्रती (प्रती, मूळ नव्हे), दोघांचं आधार, जोडीचा फोटो, लग्नाचा पुरावा आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. आणखी काही लागलं तर रेकॉर्ड ऑफिस पत्राने कळवतं. मग पार्ट टू ऑर्डर निघते आणि त्यावरून पीपीओत दुरुस्ती होते. वेळ लागतो. आत कुणी ‘आपला माणूस’ असला तरी ऑर्डरशिवाय पीपीओ हलत नाही. स्वतःची जन्मतारीख बदलून देतो म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका. भरतीच्या वेळी लिहिलेली तारीख लष्कर सहसा धरूनच चालतं.

रेकॉर्ड शिल्लक आहे का, ही शंका असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. मी आपल्या शीट रोलची प्रत मागितली आणि ती आली. जे ‘नष्ट झालं’ म्हणून ३१,००० गेले, ते रेकॉर्ड फाइलमध्ये जागच्या जागी होतं. मंडळींच्या नावाची पार्ट टू ऑर्डर आता निघाली आहे, पीपीओची दुरुस्ती व्हायची आहे. अपंगत्व पेन्शनसाठी माझं प्रकरण कितपत टिकेल हे मेडिकल बोर्डाचे कागद बघितल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही, टक्केवारीवर काम घेणारा तर नाहीच.

त्याच माणसाकडे कागद दिलेले आणखी काही जण मला ठाऊक आहेत. घरी कळायला नको म्हणून ते तक्रार करत नाहीत. त्यांना एवढंच सांगतो, त्याने दिलेलं पत्र फाडू नका, व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. माझ्या पत्रावरची सही आणि शिक्का तपास अधिकाऱ्यांकडे आहे, तीच सही दुसऱ्याच्या पत्रावर सापडली तर प्रकरण एकट्याचं राहणार नाही. पैसे यूपीआयने दिले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, जितक्या लवकर तितकं बरं. चेक दिले असतील तर आधी बँक, मग पोलीस ठाणं. पहिल्यांदा एकटं जायला संकोच वाटत असेल तर सैनिक कल्याण कार्यालयातून बरोबर कुणी येईल का ते विचारा. माझ्याबरोबर आले होते.