पायथनचं आयपीॲड्रेस मॉड्यूल, आठ महिने रोज वापरल्यावर

ऑफिसच्या नेटवर्कच्या सगळ्या स्क्रिप्ट मी आठ महिन्यांपूर्वी ह्या मॉड्यूलवर (आयपी ॲड्रेस आणि नेटवर्कचा हिशोब करणारी पायथनची तयार लायब्ररी) आणल्या. त्याआधी ॲड्रेस म्हणजे नुसती स्ट्रिंग, तिची सुरुवात १०.१.१ ने होते का एवढंच बघायचो, आणि त्यात १०.१.१५ पण बसतं, १०.१.१०० पण बसतं, दुसऱ्या मजल्याचे प्रिंटर पहिल्या मजल्याच्या यादीत का येतायत हे शोधण्यात माझा अख्खा शनिवार गेला होता. आता नेटवर्क बनवायचं आणि ॲड्रेस त्यात आहे का हे 'इन' लावून विचारायचं. वेगळं इन्स्टॉल पण करावं लागत नाही, ३.३ पासून पायथनसोबतच येतं.

१९२.१६८.१.५/२४ हे नेटवर्क म्हणून दिलं की सरळ एरर येतो, होस्ट बिट्स सेट आहेत म्हणून (/२४ म्हणजे पहिले २४ बिट नेटवर्कचे, उरलेले ८ होस्टचे, म्हणजे त्यातल्या मशीनचे). बरोबरच आहे, नेटवर्क .० चं, .५ हे त्यातलं एक मशीन. ही तपासणी करणारं 'स्ट्रिक्ट' फॉल्स केलं की गप्प बसतं, पहिले दोन महिने मी सगळीकडे तेच केलं. मग फायरवॉलच्या यादीत कुणीतरी /३२ च्या जागी /२४ टाकलं, एका मशीनला द्यायची परवानगी २५६ ॲड्रेसना गेली, आणि माझ्या स्क्रिप्टने चूं केलं नाही कारण तिचं तोंड मीच बंद केलं होतं. त्या दिवसापासून स्ट्रिक्टला हात लावत नाही, तुम्हीपण लावू नका प्लीज. ॲड्रेस आणि मास्क (ते /२४) एकत्रच ठेवायचे असतील तर इंटरफेस क्लास आहे ना.

आकड्याच्या सुरुवातीच्या शून्याचं पण तसंच. एक्सेलमध्ये सॉर्ट नीट व्हावं म्हणून आमच्याकडे ०१०.००१ असं लिहायची पद्धत, ३.९.५ पासून पायथन ते घेतच नाही. वैताग आला खरा, पण काही टूल ०१० ला ऑक्टल (आठच्या पायातला आकडा) धरून ८ वाचतात, म्हणजे पॅकेट भलतीकडेच. सगळी शीट साफ केली.

सबनेट्स (नेटवर्कचे तुकडे पाडणं), ओव्हरलॅप्स (दोन नेटवर्क एकमेकांवर येतात का बघणं), कोलॅप्स (तुकडे परत जोडणं) मस्त चालतात, नवीन व्हीलॅनसाठी (आभासी वेगळं नेटवर्क) /२४ चे चार /२६ पाडायला एक ओळ लागते. आयपी व्ही६ च्या (लांब ॲड्रेसची नवी पद्धत) /६४ वर होस्ट्सची लिस्ट मात्र कधीच बनवू नका, २ चा ६४ वा घात इतके ॲड्रेस आहेत त्यात, मशीन अडकणारच.

स्पीड कमी पडतो. लाखो ओळींचा लॉग आणि समोर शेकडो सबनेट असतील तर एकेक तपासत बसतं, तिथे मी ॲड्रेसचे इंटिजर करून सॉर्ट केलेल्या यादीत बायसेक्टने (यादी अर्धी-अर्धी करत) शोधतो.