चिंगीचं पोट: आठ महिन्यांचा अनुभव

चिंगी आमची गावठी कुत्री. वय ६ वर्षं, वजन १८ किलो. गेल्या जूनपर्यंत आमची प्रत्येक सकाळ तिची शी कशी झालीय हे बघूनच सुरू व्हायची. पंधरा दिवस बरे गेले की पुन्हा पातळ, वर चिकट आंव. रात्री पोटातली गुडगुड शेजारच्या खोलीत ऐकू यायची. मग ती उठून पुढचे पाय पसरायची, छाती जमिनीला टेकवायची आणि मागचा भाग वर करून तशीच राहायची. मला वाटायचं, आळस देतेय. पोटात दुखत असलं की कुत्री अशी उभी राहतात, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. वर्षभर मी ते नुसतं बघत होतो, याचं अजून वाईट वाटतं.

त्याआधी दर वेळी मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचा कोर्स व्हायचा. आठवडाभर बरं, की पुन्हा तेच. नव्या डॉक्टरांनी आधी तीन वेगवेगळ्या दिवसांची शी तपासायला लावली, कारण जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी एखाद्या नमुन्यात सापडत नाही. रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्वही बघितलं. सगळं ठीक निघाल्यावर म्हणाले, "दिवसभरात तिच्या तोंडात काय काय जातं, ते लिहून आणा."

लिहायला बसलो आणि धक्काच बसला. सकाळी दूध-चपाती, दुपारी चिकनचं कोरडं खाणं, संध्याकाळी चिकनच्याच काड्या, शिवाय रविवारी रश्श्यातली मटणाची हाडं. आमचं घर कोल्हापुरातलं, रविवार मटणाशिवाय जात नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक, आणि शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होऊन आतडं फाटू शकतं. हाडं त्याच दिवशी बंद केली. दुधावरून मात्र आईशी वाद झाला. "अरे, कुत्र्यानं दूध-चपाती खायची नाही तर काय खायचं?" पंधरा दिवस बंद करून बघू, एवढ्यावर ती तयार झाली. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. चिंगीचा गॅस कमी झाला, पण शी तशीच राहिली.

मग चिकनच सोसत नाही का, हे बघायला ते बंद. आठ आठवडे फक्त तिनं आधी कधीच न खाल्लेलं मांस द्यायचं होतं, म्हणून मासा निवडला. तारली उकडून, काटे काढून, त्यात मऊ भात आणि उकडलेला लाल भोपळा. मीठ नाही, फोडणी नाही. नुसत्या भात-माशात कॅल्शियम पुरत नाही, ते डॉक्टरांनी मापून दिलं. खाणं एकदम न बदलता आठ दिवसांत हळूहळू बदललं. एका वहीत रोज शीला १ ते ७ असा आकडा देत होतो: १ म्हणजे खडखडीत, ७ म्हणजे पाणी. सुरुवातीला ५ आणि ६ असायचे. बाराव्या दिवशी पहिल्यांदा ३ लिहिला आणि आईला हाक मारून दाखवला. नवव्या आठवड्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून चिकनचे चार तुकडे दिले. तिसऱ्या दिवशी पुन्हा आंव.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. माशाचं म्हणून विकत आणलेल्या एका पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात चिकनची चरबी लिहिलेली होती. मागची यादी शेवटपर्यंत वाचा.

आता पूरक गोष्टींबद्दल. इसबगोल सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. अर्धा चमचा, पाण्यात पूर्ण फुगवूनच जेवणात मिसळायचं, कोरडं कधीच नाही. पाचक एन्झाइमचं सिरप दोन महिने दिलं, काडीचा फरक पडला नाही. हे एन्झाइम बनवणारं स्वादुपिंड नीट काम करत असेल तर सिरपची गरजच नसते, हे आधी विचारलं असतं तर पैसे वाचले असते. फिश ऑइल पहिल्याच दिवशी पूर्ण दिलं आणि दोन दिवस जुलाब झाले. मग पाव मात्रेपासून दर आठवड्याला वाढवत नेलं. दोनेक महिन्यांनी तिचं पंजे चाटणं बरंच कमी झालं, पण ते तेलामुळे की चिकन सुटल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी सूक्ष्मजीवांची पूड महिन्याला हजार-बाराशेला पडते. त्यात एन्टेरोकोकस फीसियम आणि सॅकरोमायसिस बुलार्डी आहे. पहिला जिवाणू, दुसरं हे यीस्ट, त्यामुळे ते अँटिबायोटिक चालू असतानाही टिकतं. पाचव्या महिन्यात मुद्दाम तीन आठवडे पूड बंद ठेवली. वहीतले आकडे हलले नाहीत. म्हणजे खाणं बरोबर असेल तर रोज लागत नाही. पण दिवाळीत फटाक्यांच्या धसक्यानं तिचं पोट दर वर्षी चार-पाच दिवस बिघडायचं. यंदा पूड आठवडाभर आधी सुरू केली, एकच दिवस पातळ झाली. एका दिवाळीवरून ठाम बोलता येत नाही, पण पुढच्या वर्षीही मी देणार.

पावसाळ्यात ती अजूनही गवत खाते आणि कधीतरी पिवळं ओकते. रात्रीचं जेवण उशिरा, साडेनऊला द्यायला लागल्यापासून तेही कमी झालंय. त्या पसरलेल्या पायांची नोंद वहीत नोव्हेंबरनंतर एकदाही नाही. आणि भोपळ्याच्या भाजीला फोडणी घालायच्या आधी आई आता चिंगीच्या चार फोडी बाजूला काढून ठेवते.