पाईप शोधणारं ‘जर्मन मशीन’ आणि आमचे साडेएकोणतीस हजार

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या न्हाणीत पाणी तुंबायला लागलं. दोन तांबे अंगावर घेतले की पावलं बुडायची, मग अर्धा तास जाळीतून बुडबुडे काढत पाणी कसंबसं उतरायचं. घर सांगलीत, शामरावनगरात, १९९१ सालचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. जमिनीखाली कुठला पाईप कुठून गेलाय हे त्यांनाच ठाऊक. त्यांच्या हातचा नकाशा २००५ च्या पुरात पेटीसकट भिजून लगदा झाला. अण्णा त्यानंतर चार वर्षं होते, पण विचारून परत काढून घ्यावा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याच आठवड्यात गेटला एक पत्रक अडकवलेलं मिळालं. ‘फरशी न फोडता ड्रेनेज लाईन शोधून मिळेल, जर्मन मशीन.’ मी फोन केला. दुसऱ्या दिवशी दोघं आले. त्यातला मोठा तिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यावर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. बोलणं साखरेसारखं, दर वाक्याला ताई. नुसत्या शोधण्याचे ४,५०० रुपये, आधी.

मशीन म्हणजे दांड्याला लावलेला काळा डबा. पोर्चवर फिरवला की टूं टूं वाजायचा. वाजेल तिथे हा खडूने खूण करायचा. न्हाणीच्या भिंतीपासून चेंबरच्या झाकणापर्यंत आणि तिथून कंपाउंडपर्यंत सरळ रेघ झाली. झाकण तर उघड्यावरच होतं, तिथवर रेघ ओढायला डबा कशाला हवा, हे मला आज सुचतंय. मग म्हणाला, “ताई, आत जाऊन नळ सोडा, मी कॅमेरा घालतो.” मी नळ सोडून येईपर्यंत त्याच्या मोबाईलवर व्हिडिओ तयार. तडकलेला पांढरा पाईप, आत झाडाच्या मुळ्यांचं जंजाळ. बघूनच पोटात गोळा आला.

एकूण खर्च ३८,०००, त्यातले २५,००० आगाऊ. मिस्टर तेव्हा कामासाठी पुण्याला होते. फोनवर म्हणाले, पावसाळा तोंडावर आहे, करून टाक. मी पैसे मोबाईलवरूनच पाठवले. नाव भलत्याच कुणाचं तरी दिसलं. “भावाचं खातं आहे,” म्हणाला.

दीड दिवसात चेंबर ते कंपाउंड बावीस फूट चर खणून नवा पीव्हीसी टाकला. जुना पाईप बाहेर काढला तेव्हा मी तिथेच चहा घेऊन उभी होते. तपकिरी चकाकीचे, भाजक्या मातीचे दोन-दोन फुटी तुकडे. व्हिडिओत पांढरा होता, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. दुसरी एक गोष्ट मात्र खटकली. एका तुकड्यात डोकावून बघितलं तर आत कोरडी ठणठणीत धूळ आणि कोळ्याचं जाळं. ना चिकटा, ना वास. मी विचारलं, “न्हाणीचं पाणी जातं त्या पाईपात जाळं कसं?” क्षणाचाही विलंब नाही. “पाणी अलीकडेच अडलंय ना ताई, पुढं येतंच कुठं!” पटलं मला. बरोबरच वाटलं की हो.

न्हाणीकडचा जोड उद्या देतो म्हणून गेले ते गेलेच. फोन बंद. पाणी होतं तसंच तुंबलेलं.

शेवटी चुलत दिरांनी मिरजेहून एक म्हातारे मिस्त्री पाठवले. आल्या आल्या म्हणाले, “वैनी, रंगपंचमीचा रंग उरलाय का घरात?” मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हटलं, लाल औषध आहे. तर म्हणाले, “त्ये नको. घाण पाण्यात त्येचा रंग मरतोय.” माळ्यावरून गुलाबी आणि हिरवा काढून दिला. गुलाबी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतला, तो पाच मिनिटांत मागच्या गटारीत दिसला. हिरवा न्हाणीत. दोन बादल्या पाणी सोडलं, चेंबर उघडून आम्ही बसून राहिलो. चेंबरमध्ये थेंब नाही. कारण न्हाणीचं पाणी त्या चेंबरला कधी येतच नव्हतं!

मग न्हाणीच्या बाहेरच्या कुंडीतून त्यांनी बांबूची लांब कामटी आत सारली. चौदा फुटांवर ती अडली. माझा मुलगा कामटी आत हलवत होता आणि मिस्त्री अंगणात ओणवे होऊन जमिनीला कान लावत सरकत होते. पेरूच्या झाडाशी थांबले. “हितं.” दीड-दोन फूट खणल्यावर शहाबादी फरशी लागली. खाली शोषखड्डा, काठोकाठ गाळाने भरलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. तेव्हाचाच हा गाळ असणार. खड्डा उपसून खडी-विटांचे तुकडे भरायला मिस्त्रींनी सगळे मिळून ६,२०० घेतले.

आणि ती बावीस फुटी लाईन? मिस्टरांना नंतर आठवलं. पुढेमागे भुयारी गटार योजना आली तर जोडता यावी म्हणून अण्णांनी बांधतानाच टाकून ठेवलेली. न्हाणीचं पाणी त्यातून कधी गेलंच नाही, म्हणून ते जाळं.

डब्याचं कोडं भाच्याने सोडवलं. तो वालचंद कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. असली यंत्रं धातूची लाईन धरतात. मातीचा, सिमेंटचा किंवा पीव्हीसी पाईप वरून कळत नाही. तो शोधायचा तर छोटा ट्रान्समीटर पाईपच्या आत सोडावा लागतो आणि वर त्याचा सिग्नल पकडावा लागतो. आमच्या पाईपात काहीच सोडलेलं नव्हतं. डबा वाजत होता तो पोर्चच्या स्लॅबमधल्या सळ्यांवर. रडारचं यंत्रही असतं म्हणे, पण आपल्या ओल्या काळ्या मातीत ते फार खोल बघू शकत नाही.

तेव्हा कुणी मशीन घेऊन आलं तर आधी दोन बादल्या रंगाचं पाणी तुम्हीच ओता. कॅमेरा घालणार असेल तर तिथून हलू नका, नळ सोडायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, आणि पडद्यावरचा पाईप आपल्या घरातलाच आहे का ते रंगावरून बघा. मोबाईलवर पैसे पाठवताना नाव भलतंच दिसलं तर बोट मागे घ्या. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आज संध्याकाळीच वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.

पोलिसांत अर्ज दिलाय. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण माझ्याकडे ना बिल, ना पत्ता. ते पत्रकसुद्धा मी चहाच्या पातेल्याखाली घालून खराब केलं होतं.

नवा पाईप तसाच आहे अंगणाखाली, ना न्हाणीला, ना गटाराला जोडलेला. पाऊस पडला की त्यात बेडूक ओरडतात आणि आवाज थेट चेंबरमधून येतो. मिस्टर म्हणतात, “बघ, तुझं जर्मन मशीन वाजतंय.”