शाळेतल्या लसी: कॅलिफोर्निया की टेक्सास?

दोन्हीकडे शाळा लसीचा कागद मागतेच, फरक पडतो तो ‘आम्हाला नाही द्यायची’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं इथे. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड या करमणूक पार्कातून गोवरची साथ पसरली आणि 2015 मध्ये कायदा करून वैयक्तिक मताची सूट बंदच केली, 2016 पासून लागू, आता सूट फक्त मेडिकल आणि तीही डॉक्टरने राज्याच्या ऑनलाइन सिस्टीममधूनच द्यायची. म्हणजे ऑफिसातल्या बाईंना पालकांशी हुज्जत घालायची गरज नाही, डोस भरले का एवढंच बघायचं. नाही पटत तर घरी शिकवा.

टेक्सासात 2003 पासून ‘विवेकाच्या कारणाने’ प्रतिज्ञापत्र चालतं, दोन वर्षं व्हॅलिड. शाळेने ते फाइल करायचं, झालं. साथ आली की मात्र अशा मुलांना घरी बसवता येतं. 2025 मध्ये गेन्स काउंटीतून गोवर पसरला, राज्यात 762 केसेस, दोन मुलं गेली. मला तरी कॅलिफोर्नियाचंच बरं वाटतं, कटकटीचं असलं तरी.

पुण्या-नाशकाहून मुलं घेऊन जाणाऱ्यांनो, सरकारी दवाखान्यातली एमआर (गोवर-रुबेला) लस म्हणजे एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) नाही हं, एमआरमध्ये गालगुंड नसतो, आणि कांजिण्यांची लस आपल्या सरकारी यादीत नाही पण कॅलिफोर्नियात बालवाडीला दोन डोस लागतात. तारखाही महिना अक्षरात लिहून घ्या, 05/08 म्हटलं की तिकडे 8 मे वाचतात.