टमी टकनंतर अकरा महिने : सर्जन निवडताना काय कामी आलं, काय नाही

टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून आतले स्नायू आवळून शिवायचं ऑपरेशन. त्याबद्दल नेटवर सापडणारे बरेचसे अभिप्राय ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतले असतात. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, निघालेला असतो, पोट सपाट दिसतं, सिस्टर प्रेमाने वागलेल्या असतात, की पडले पाच तारे. खरं तर ड्रेन काढल्यावर पाणी साठतं ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि व्रण सगळ्यात लाल व जाड दिसतो तो दोन-तीन महिन्यांनी. त्यामुळे अकरा महिने होईपर्यंत हे लिहिलं नव्हतं. माझी केस नेहमीचीच आहे : दोन सिझेरियन, मधोमध फाकलेले पोटाचे स्नायू आणि व्यायामाने न जाणारी लोंबती कातडी.

पदवी पाच मिनिटांत तपासता येते आणि तेवढ्यानेच यादी बरीच लहान होते. एमबीबीएसनंतर एमएस जनरल सर्जरी, त्यावर तीन वर्षांचं एमसीएच प्लास्टिक सर्जरी, किंवा प्लास्टिक सर्जरीतलं डीएनबी, ज्याला आता डीआरएनबी म्हणतात. ‘कॉस्मेटिक सर्जन’ किंवा ‘एस्थेटिक एक्स्पर्ट’ ही पदवी नव्हे, आणि फेलोशिप काही आठवड्यांचीही असू शकते. डॉक्टरांच्या औषधाच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकून नाव, वरची पदवी आणि नूतनीकरण पाहायचं, कारण नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. एवढं जुळलं म्हणजे माणूस चांगला असं नाही. तो रांगेत उभा राहायला पात्र आहे, इतकंच.

आता अभिप्राय. तारे बाजूला ठेवून आधी तारीख बघावी आणि लिहिणाऱ्याने ऑपरेशनला किती दिवस झाले हे सांगितलंय का ते बघावं. मग ऑपरेशन कोणतं ते. नाकाच्या पन्नास खूश रुग्णांवरून पोटाबद्दल काहीच कळत नाही. पार्किंग, एसी, रिसेप्शनवरची वागणूक याला शून्य गुण. ‘दोन तास थांबावं लागलं’ ही तक्रारही फारशी मोजू नये, कारण आधीचं ऑपरेशन लांबलं की ओपीडी लांबणारच. एकाच आठवड्यात आलेले सात-आठ अभिप्राय, प्रत्येकात डॉक्टरांचं पूर्ण नाव, शहराचं नाव आणि ‘बेस्ट टमी टक’, असं दिसलं तर पुढे सरकावं. घरी बसून लिहिणारी बाई असं लिहीत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत जाहिरातबाजी करून रुग्ण ओढण्याला मनाई आहे. रीलवर सवलतीची मुदत सांगणाऱ्या दवाखान्याबद्दल अंदाज बांधायला तेवढं पुरतं.

सगळ्यात उपयोगी अभिप्राय दोन-तीन ताऱ्यांचे. पण तेही नीट वाचायला हवेत. गुंतागुंत झाली म्हणजे सर्जन वाईट, हे समीकरण चुकीचं आहे. कातडी उचलल्यावर खाली मोठी पोकळी राहते आणि तिथे पाणी साठणं, म्हणजे सेरोमा, चांगल्या हातांकडूनही होतो. वाचायचं ते त्यापुढचं. त्याच दिवशी बघितलं की ‘सोमवारी या’ म्हणाले? सर्जनने स्वतः बघितलं की असिस्टंटने? सुईने पाणी काढायचे वेगळे पैसे घेतले का? एखाद्या सर्जनबद्दल ‘त्रास झाला, पण रोज फोन उचलला’ असं दोन ठिकाणी लिहिलेलं दिसलं, तर ते पाच ताऱ्यांपेक्षा मोलाचं.

दवाखान्याकडे दोन जुन्या रुग्णांशी बोलायची मागणी करता येते : एकीला वर्ष झालेलं आणि दुसरीला काहीतरी त्रास झालेला. चांगला दवाखाना आधी त्यांची परवानगी विचारतो आणि मग नंबर देतो. परवानगी न विचारताच नंबर दिला, तर उद्या तुमचाही तसाच दिला जाईल. बोलताना ‘खूश आहात ना?’ विचारलं तर ‘हो’च ऐकू येतं. त्यापेक्षा ड्रेन किती दिवस होता, काढल्यावर पाणी झालं का, रात्री फोन कोणी उचलला आणि शेवटचं बिल कोटेशनपेक्षा किती वर गेलं, हे विचारावं.

फोटोंचंही तसंच. आधीच्या फोटोत पोट सैल सोडलेलं आणि नंतरच्या फोटोत श्वास ओढलेला, ही जुनी चाल. अंतर, प्रकाश आणि उभं राहण्याची पद्धत दोन्हीत सारखी हवी. समोरून, तिरक्यातून आणि बाजूने, असे सगळे कोन हवेत. नंतरच्या फोटोत कमरेवर, ऑपरेशननंतर पोटाला बांधायच्या पट्ट्याचे वळ दिसत असतील तर तो फोटो काही आठवड्यांचाच आहे. एक वर्षानंतरचा आणि बसलेल्या स्थितीतला फोटो मागावा. व्रणाची दोन्ही टोकं त्यातच खरी दिसतात.

जखम भरल्यावरच निकाल दाखवायचा, यात नवीन काहीच नाही. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं गेलं ते पुण्याकडेच. करणारा विटा पाडणाऱ्या जातीतला कारागीर होता. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापून आली आणि प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात ती आजही सांगितली जाते. सोबतचं चित्र मात्र ऑपरेशनच्या दिवशीचं नव्हतं. जखम पूर्ण भरून कित्येक महिने झाल्यावर ते काढलेलं होतं.

सल्ल्याला गेल्यावर डॉक्टर काय सांगतात यापेक्षा काय विचारतात ते मोजावं. वजन सहा महिने स्थिर आहे का, आणखी मूल हवंय का, अंगावर पाजणं कधी थांबलं, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती का, कान टोचल्यावर गाठ आली होती का. आणि तंबाखू. सिगारेट ओढत नाही म्हणून ‘नाही’ सांगायचं आणि सकाळी मिश्री लावायची, असं आपल्याकडे सर्रास चालतं. निकोटिन कसंही शरीरात गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आवळतं. टमी टकमध्ये ओढून शिवलेल्या कातडीला मधोमध, टाक्यांच्या अगदी वर, रक्त आधीच कमी पोहोचतं, आणि नेमका तोच भाग काळा पडतो. मिश्री, गुटखा, सिगारेट, सगळं आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे बंद. सर्जनने मिश्रीचं नाव घेऊन विचारलं तर त्याने इथली पोटं बघितली आहेत असं समजावं.

तपासणीत आडवं झोपवून डोकं उचलायला लावलं पाहिजे, म्हणजे स्नायूंमधली फट आणि बेंबीजवळचा हर्निया हाताला लागतो. शंका असेल तर सोनोग्राफी. नुसत्या फोटोवरून व्हॉट्सअॅपवर पॅकेज सांगणाऱ्याकडे जाऊच नये, आणि डॉक्टरांआधी काउन्सेलर बाई रक्कम ठरवत असेल तर उठावं. ‘आधी आठ किलो कमी करा, मग या’ म्हणणारा सर्जन त्या दिवशी राग आणतो, पण यादीत त्याला वर घ्यावं.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास राहतात. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो. जन्मजात दोष किंवा अपघातानंतरच्या दुरुस्तीला तो लागत नाही. विम्यातही कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते. सोबत खरोखर हर्निया असेल तर विमा कंपनीला आधी लेखी विचारावं. कोटेशनमध्ये सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), खोली, औषधं, दोन पट्टे आणि फॉलोअप वेगवेगळे लिहून घ्यावेत. सगळ्यात महत्त्वाची ओळ दुरुस्तीची : वर्षभरात छोटी दुरुस्ती लागली तर सर्जनची फी लागेल का, ओटीचा खर्च कुणाचा. तोंडी ‘बघू ना’ला काही किंमत नाही. ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्डही मागून ठेवावं. अर्ज केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

घरी आल्यावर खरा वापर सुरू होतो. ड्रेनच्या टोकाची, पाणी ओढणारी वाटी पिळूनच बंद करायची, नाहीतर ती ओढत नाही. दिवसातून दोनदा मिलिलिटर लिहायचे. २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की बहुतेक सर्जन नळी काढतात. ड्रेन लटकत ठेवला की टाक्यावर ताण येतो, म्हणून गळ्यात अडकवायची कापडी पिशवी शिवून घ्यावी. पहिला आठवडा-दहा दिवस कमरेत वाकूनच चालावं लागतं. झोपताना गुडघ्याखाली दोन उश्या. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा, हे एकाही दवाखान्याच्या माहितीपत्रकात दिसलं नाही. इसबगोल पहिल्या दिवसापासून, कारण कुंथलं की आतल्या शिवणीवर जोर येतो. पाण्याची बादली, मोठा कुकर आणि कडेवरचं मूल सहा आठवडे बंद.

पट्टा सहा आठवडे. एक धुवायला आणि एक अंगावर, म्हणून दोन लागतात. हुकवाला बरा, कारण सूज उतरली की आत घेता येतो. चेनवाला तीन आठवड्यांत ढगळ होतो. आत शिवणी नसलेला सुती बनियन घालायचा आणि सुरकुती राहू द्यायची नाही, नाहीतर तिचीच रेघ कातडीवर उठते. जास्त घट्ट म्हणजे जास्त सपाट, हा गैरसमज. खूप आवळलं तर वरच्या कातडीचा रक्तपुरवठा अडतो.

व्रणावरची सिलिकॉनची पट्टी जखम पूर्ण मिटल्यावरच लावायची, साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर. रोज किमान १२ तास, निदान तीन महिने. रोज साध्या साबणाने धुतली तर चिकटपणा टिकतो. एप्रिल-मेच्या घामात पट्टीखाली पुरळ उठतं, तेव्हा दिवसा जेल आणि रात्री पट्टी हा मार्ग चालला. महागडी आयात पट्टी आणि साधी पट्टी यांत व्रणावर काही फरक दिसला नाही.

पोटावर टिचकी मारली आणि पाण्याच्या फुग्यासारखी लाट आली तर सेरोमा. दवाखान्यात सुईने काढतात, कधी दोन-तीनदा. एकाच पोटरीत दुखणं-सूज किंवा अचानक धाप लागली तर मात्र मेसेज करत बसायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी. गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

अकरा महिन्यांनंतरचा हिशेब असा. व्रण फिका आणि चड्डीच्या रेघेखाली. बेंबीखाली तळहाताएवढा भाग अजून बधिर. उजव्या टोकाला कातडीची छोटी घडी उरली आहे, तिला डॉग इअर म्हणतात. सूज पूर्ण उतरल्याशिवाय ती कापू नये म्हणून सर्जनने वर्ष पुरं होईपर्यंत थांबवलं आहे. जागेवर भूल देऊन तासाभराचं काम. कोटेशनमधल्या त्या ओळीमुळे सर्जनची फी नाही, ओटीचे पैसे तेवढे भरायचे.